साउथ डकोटाच्या माळावरून बॅडलँड्सकडे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

साउथ डकोटाला पहिल्यांदा निघणारी माझ्या ओळखीतली बहुतेक कुटुंबे माउंट रशमोर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर, हे एकच नाव मनात धरून निघतात आणि सू फॉल्स ते रॅपिड सिटी हे सुमारे ३५० मैल कसेबसे संपवायचे अंतर समजतात. आम्हीही पहिल्या खेपेला मिनियापोलिसहून तसेच गेलो, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे गवत खिडकीतून मागे पळताना पाहण्यापलीकडे आमच्या हाती काही लागले नाही. पुढच्या खेपांमध्ये जे उमगले ते आधीच सांगतो. या प्रवासात गवत हेच मुख्य ठिकाण आहे, आणि बॅडलँड्स या राष्ट्रीय उद्यानातले कडे म्हणजे त्याच माळाच्या पोटातून उघडी पडलेली जमीन आहे. म्हणून खालचे सगळे नियोजन वेग कमी करण्यासाठी आणि गाडीतून खाली उतरण्यासाठी केलेले आहे.

कधी आणि किती दिवस

मेअखेर ते जूनचा मध्य आणि संपूर्ण सप्टेंबर हे दोन काळ सर्वांत चांगले. जूनच्या सुरुवातीला माळ हिरवा असतो, रानफुले असतात आणि कुंपणाच्या खांबाखांबावर बसून वेस्टर्न मेडोलार्क हा पिवळ्या छातीचा पक्षी गात असतो. सप्टेंबरमध्ये गवत तांबूस होते आणि गर्दी ओसरते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे जाऊ शकतो आणि कड्यांमध्ये सावली जवळजवळ नसते. शिवाय ऑगस्टच्या सुरुवातीला राज्याच्या पश्चिमेकडच्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागाजवळच्या स्टर्जिस गावी मोटारसायकलस्वारांचा प्रचंड मेळावा भरतो आणि आसपासच्या खोल्या मिळेनाशा होतात, त्यामुळे तो आठवडा नवख्यांनी टाळावा. हिवाळ्यात उद्यान उघडे असते, पण बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर तो विचार करू नये.

मिनियापोलिसहून बॅडलँड्सचे ईशान्य प्रवेशद्वार सुमारे ५०० मैलांवर आहे आणि शिकागोहून रॅपिड सिटी सुमारे ९०० मैलांवर. शिकागोकरांनी सलग गाडी हाकण्यापेक्षा वाटेत एक मुक्काम करावा, किंवा विमानाने रॅपिड सिटीला उतरून तिथे गाडी भाड्याने घ्यावी. जाण्यायेण्याचे दिवस सोडून माळ आणि कडे यांना दोन पूर्ण दिवस आणि ब्लॅक हिल्सला दोन दिवस द्यावेत. एवढी सुट्टी नसेल तर ब्लॅक हिल्समधला एक दिवस कापावा, माळावरचा कापू नये.

गाडी आणि सामान

मोठ्या चारचाकी जीपची गरज नाही; चांगले टायर असलेली साधी गाडी पुरते. मात्र भाड्याची गाडी असेल तर करारात कच्च्या रस्त्यावर नेण्यास मनाई आहे का, हे सही करण्याआधी वाचावे, कारण या भागातला सर्वांत सुंदर रस्ता खडीचा आहे. नुकतेच भारतातून आलेल्यांनी भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवावा आणि गाडी देणारी कंपनी तो मान्य करते का, हे लेखी विचारून घ्यावे. सुटे चाक गाडीत खरोखर आहे आणि त्यात हवा आहे, हे निघण्याआधी डिकी उघडून बघावे. पुष्कळ नव्या गाड्यांमध्ये सुट्या चाकाच्या जागी फक्त पंक्चर बुजवायचे साहित्य असते.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरावे. उद्यानाच्या आतल्या रानात पिण्याचे पाणी कुठेही मिळत नाही आणि ओढ्याचे पाणी इतके गढूळ असते की गाळणीही तुंबते. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या गावात भरून घ्यावी. कडोका, वॉल आणि इंटिरिअर ही त्यासाठीची गावे. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत आणि एक कागदी नकाशाही बाळगावा.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची तयारी घरूनच केलेली बरी, कारण छोट्या गावांत चीज सँडविच आणि बटाट्याच्या पलीकडे फारसे काही मिळत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि पोहे एवढ्यावर आमचे चार दिवस उत्तम निघतात. लाकडे पेटवून शेकोटी करायला बॅडलँड्समध्ये बंदी आहे, कारण वाऱ्यावर एक ठिणगीसुद्धा माळ पेटवू शकते. गॅसची छोटी शेगडी चालते.

रस्ता: आय-९० वर

साउथ डकोटात आय-९० (इंटरस्टेट ९०) या महामार्गावर बहुतेक ठिकाणी ताशी ८० मैलांची मर्यादा आहे. एक्झिटचे, म्हणजे महामार्गावरून उतरायच्या फाट्यांचे, क्रमांक राज्याच्या पश्चिम सीमेपासूनच्या मैलांप्रमाणे दिलेले आहेत, त्यामुळे अंतराचा हिशोब तोंडी करता येतो: सू फॉल्सला ३९६ असतो, बॅडलँड्सला १३१ वर उतरायचे, म्हणजे मध्ये २६५ मैल.

या अंतराच्या साधारण मध्यावर, चेंबरलिन गावाजवळ, मिसुरी नदी येते आणि तिथे अर्धा तास तरी थांबावे. २६३ आणि २६५ या एक्झिटच्या दरम्यान असलेल्या विश्रामस्थळावर २०१६ मध्ये उभारलेला ‘डिग्निटी’ नावाचा ५० फुटी पुतळा आहे. निळ्या ताऱ्यांची गोधडी पाठीवरून उलगडून धरलेली ती आदिवासी स्त्री नदीच्या खोऱ्याकडे पाठ करून उभी आहे. तिथून खाली पाहिले की या राज्याचे दोन भाग नजरेत भरतात. इथले लोक नदीच्या पूर्वेला ‘ईस्ट रिव्हर’ आणि पश्चिमेला ‘वेस्ट रिव्हर’ म्हणतात. हिमयुगातल्या बर्फाने पूर्वेची जमीन सपाट करून सोडली. तिथे पूर्वी माणसाच्या उंचीचे गवत होते आणि आता मका व सोयाबीन आहे. पश्चिमेला पाऊस कमी होत जातो, गवत गुडघ्यापर्यंत येते, नांगर मागे पडतो आणि गुरांची कुरणे सुरू होतात. आपल्याकडे सह्याद्री ओलांडून देशावर उतरताना पावसाबरोबर झाडोरा बदलतो, तसाच हा बदल आहे. फक्त इथे घाट नसल्याने तो हळूहळू येतो आणि लक्ष नसेल तर निसटून जातो.

मर्डो गावाच्या थोडे पुढे घड्याळ एक तास मागे जाते. आम्ही एकदा हे विसरून मार्गदर्शकासोबतच्या फेरीला तासभर आधी पोहोचलो होतो, ते परवडले. परतीच्या वाटेवर हाच तास हातातून जातो, आणि ते विसरल्यास विमान चुकू शकते.

उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेला काळा ढग उभा राहिला तर त्याला गांभीर्याने घ्यावे. इथल्या गारा लिंबाएवढ्याही होतात आणि टॉर्नेडो या भोवऱ्यासारख्या वादळाचे इशारे नवे नाहीत. हवामान खात्याचा इशारा फोनवर आला की पुढच्या एक्झिटला उतरून पक्क्या इमारतीत जावे. पुलाखाली गाडी थांबवून आसरा घेण्याची चूक करू नये, कारण तिथे वाऱ्याचा जोर अधिक वाढतो.

कड्यांपाशी

एक्झिट १३१ ला उतरून दक्षिणेकडे वळले की काही मैल नुसते गवत लागते आणि मग अचानक जमीन संपते. हा क्षण घाईत घालवू नये. बिग बॅडलँड्स ओव्हरलूकवर गाडी उभी करून, आधी कड्याकडे पाठ करून माळ पाहावा आणि मग वळावे. पायाखालचे गवत जिथे तुटते, तिथूनच शेकडो फूट खोल घळी, पाखे आणि सुळके सुरू होतात, हे तेव्हा नीट कळते.

एका गाडीला ३० डॉलर प्रवेश शुल्क आहे आणि ते सात दिवस चालते. वर्षभराचा राष्ट्रीय उद्यान पास असेल तर तोच दाखवावा. दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. महामार्गापासून निघून पुन्हा महामार्गाला वॉल गावी मिळणारा वळणरस्ता सुमारे ३९ मैलांचा आहे. तो तासाभरात संपवणारे लोक दिसतात; आपण दोन दिवस लावावेत.

कडे वाचायला थोडी ओळख पुरते. सर्वांत खाली काळसर थर आहे, तो सुमारे ७.५ कोटी वर्षांपूर्वी इथे असलेल्या समुद्राचा तळ. समुद्र हटल्यावर त्याच्या वरच्या भागाची उष्ण, दमट हवेत पिवळी माती झाली. यलो माउंड्स या ठिकाणी त्या हळदीच्या रंगाच्या टेकड्या दिसतात. त्यावर राखाडी आणि त्यावर बदामी-तांबडे पट्टे आहेत, ते नद्यांच्या गाळाचे आणि पश्चिमेकडून उडून आलेल्या ज्वालामुखीच्या राखेचे. हे थर साचणे सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वी थांबले. नद्यांनी ते कापायला सुरुवात केली ती मात्र अवघ्या ५ लाख वर्षांपूर्वी, आणि झीज वर्षाला सरासरी एक इंच या वेगाने चालू आहे. सह्याद्रीचा काळा कातळ डोळ्यांत असलेल्या माणसाला हा वेग खरा वाटत नाही, पण एका पावसाळ्यानंतर ओळखीच्या सुळक्याची कड ढासळलेली मी स्वतः पाहिली आहे.

पहिल्या संध्याकाळी डोर, विंडो आणि नॉच या तीन वाटा कराव्यात. तिन्हींचा वाहनतळ एकच आहे. विंडो ही पाव मैलाची लाकडी फळ्यांची वाट आजी-आजोबांनाही जमते. डोरचा पहिला पाव मैलही फळ्यांचाच आहे आणि पुढे पिवळ्या खुणा बघत उघड्या मातीवरून जायचे असते. नॉच ही येऊन-जाऊन दीड मैलाची वाट असून तिच्यावर ओंडक्यांची उतरती शिडी आहे. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी आणि पाऊस पडून गेला असेल तर सगळ्यांनीच ती सोडावी. मुलांसाठी फॉसिल एक्झिबिट ट्रेल ही पाव मैलाची वाट आहे. इथे गेंड्यासारखे दिसणारे ब्रोंटोथेर आणि सुळ्यांच्या दातांची मांजरासारखी जनावरे यांची हाडे सापडतात. २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलीला अभ्यागत केंद्राजवळच अशा एका प्राण्याची कवटी दिसली होती, आणि तिने ती न उचलता अधिकाऱ्यांना कळवली. नियमही तोच आहे: हाड दिसले तर हात लावायचा नाही, फोटो काढायचा, जागा टिपायची आणि कळवायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठण्याला पर्याय नाही. जूनमध्ये सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि पहिल्या तासातच तांबडे पट्टे उजळतात; दहानंतर सगळे कडे फिके, एकसारखे दिसू लागतात. दुपार अभ्यागत केंद्रात किंवा सावलीत काढावी आणि संध्याकाळी पिनॅकल्स ओव्हरलूकला जावे.

सेज क्रीकचा कच्चा रस्ता

पिनॅकल्सजवळून पश्चिमेला सेज क्रीक रिम रोड हा खडीचा रस्ता फुटतो. बहुतेक गाड्या इथून वॉलकडे वळतात. आपण वळू नये. वाट कोरडी असेल तर या रस्त्याला अर्धा दिवस द्यावा, कारण या प्रवासातला माळ खऱ्या अर्थाने इथेच भेटतो.

‘कोरडी असेल तर’ ही अट अक्षरशः पाळावी. इथल्या मातीत बेंटोनाइट आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली, पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती. स्थानिक लोक ओल्या मातीला ‘गम्बो’ म्हणतात. सोलापूर-मराठवाड्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको: आपली काळी माती ज्या कारणाने उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात चपलेला धरून बसते, तेच कारण इथे आहे, कारण दोन्हीतली फुगणारी खनिजे एकाच कुळातली आहेत. एकदा रात्री हलकी सर पडून गेल्यावर मी सकाळी ‘ऊन तर पडले आहे’ म्हणून रस्त्यालगतच्या पायवाटेवर उतरलो. दहाव्या पावलाला बुटांचे तळ दुप्पट झाले, पंधराव्याला त्यावर गवताच्या काड्या चिकटून पायांत दोन घरटी बांधल्यासारखे दिसू लागले आणि चढावर पाय मागे घसरू लागले. काडीने खरवडून माती निघेना. ती वाळल्यावर खापरीसारखी तुकड्यातुकड्याने सुटली. बुटाची ही गत होते, तर चाकाची काय होईल याचा अंदाज करावा. रस्त्यावर खडी असली तरी पावसानंतर अभ्यागत केंद्रात विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये आणि खडीवर ताशी ३० मैलांच्या वर जाऊ नये.

पिनॅकल्सच्या फाट्यापासून सुमारे पाच मैलांवर रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउन आहे. प्रेअरी डॉग म्हणजे कुत्रा नव्हे. बिळात वसाहत करून राहणारी ती खारीच्या कुळातली जनावरे आहेत. गाडी थांबवून खिडकी उघडावी आणि दहा मिनिटे काहीही करू नये. पहारेकरी ओरडून सगळ्यांना बिळात पाठवतो, मग एकेक डोके वर येते आणि वसाहत आपल्या कामाला लागते. त्यांना खायला घालू नये. त्यांच्या अंगावरच्या पिसवांतून प्लेगही पसरू शकतो. याच वसाहतींच्या आधाराने ब्लॅक-फूटेड फेरेट हा अतिदुर्मिळ शिकारी प्राणी १९९४ पासून इथे पुन्हा वसवला गेला.

बायसनही याच बाजूला दिसतात. एके काळी कोट्यवधींनी असलेला हा प्राणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हजाराच्या आत आला होता. बॅडलँड्समध्ये तो १९६३ मध्ये परत आणला गेला. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ९०० किलोपर्यंत जाते आणि तो ताशी ३५ मैलांनी धावू शकतो. किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर अंतर ठेवावे. शेपटी वर उभारलेली दिसली की तो चिडला आहे असे समजून मागे सरावे. कळप रस्त्यावर आला तर गाडीत बसून राहावे आणि हॉर्न वाजवू नये. रॅटलस्नेक साप उन्हाळ्यात सगळीकडे असू शकतात, म्हणून जिथे नजर पोहोचत नाही तिथे हात-पाय घालू नयेत, घोट्यावर येणारे बूट आणि लांब विजार वापरावी आणि संध्याकाळी गोचिडींसाठी अंग तपासावे.

उद्यानाच्या कुंपणाबाहेर जे गवत दिसते, ते बहुतांशी बफेलो गॅप राष्ट्रीय गवताळ प्रदेशाचे आहे आणि त्याचे क्षेत्र सुमारे ६ लाख एकर आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने इथे प्रत्येक कुटुंबाला १६० एकर मिळाले, पण एवढ्या कोरड्या जमिनीवर एवढ्यात भागेना, आणि १९३० च्या दशकातल्या दुष्काळात व धुळीच्या वादळांत अनेकांनी घरे सोडली. सरकारने ती जमीन विकत घेऊन पुन्हा गवताला दिली. वॉल गावातल्या ग्रासलँड अभ्यागत केंद्रात तासभर बसलो की ब्लू ग्रामा, वेस्टर्न व्हीटग्रास आणि लिटल ब्लूस्टेम ही गवते ओळखता येऊ लागतात. ब्लू ग्रामाचे तुरे भुवईसारखे आडवे असतात. ते एकदा बोटांनी हाताळले की विसरत नाहीत. आपल्याकडे नान्नजच्या माळढोक अभयारण्यातले गवत पाहिलेल्या माणसाला हा माळ परका वाटणार नाही. तिथेही सरकारदरबारी अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात आणि ज्या माळावर माळढोक नाचत असे तो नांगराखाली जातो. हे मला फार खुपते.

लाकोटांची भूमी आणि महामार्ग ४४

‘बॅडलँड्स’ हे नाव इथल्या लाकोटा आदिवासींच्या भाषेतल्या ‘माको शिचा’ (वाईट जमीन) या शब्दांवरून आले आहे. उद्यानाचा दक्षिण भाग पाइन रिज या ओग्लाला लाकोटांच्या राखीव भूमीत आहे. १९४२ मध्ये लष्कराने बॉम्बफेकीच्या सरावासाठी ती जमीन घेतली आणि कुटुंबांना हलवले. तिथे जुने स्फोटक तुकडे अजून सापडू शकतात, म्हणून धातूच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नये. झाडाला बांधलेली रंगीत कापडे प्रार्थनेची असतात. ती जशीच्या तशी राहू द्यावीत. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. २९ डिसेंबर १८९० ला जिथे लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली, ते वूंडेड नी याच राखीव भूमीत आहे. तिथे जायचे असेल तर स्मशानात जातो त्या शांततेने जावे.

रॅपिड सिटीकडे जाताना आय-९० ऐवजी इंटिरिअर आणि सीनिक या गावांवरून जाणारा महामार्ग ४४ घ्यावा. वेळ थोडा अधिक लागतो, पण डावी-उजवीकडे माळ, मध्येच एखादा कडा आणि समोर हळूहळू वर येणारी ब्लॅक हिल्सची काळी रेघ, असा हा रस्ता आहे. अंधार पडल्यावर मात्र इथे हरणे आडवी येतात, म्हणून तो दिवसाउजेडीच पार करावा.

ब्लॅक हिल्स

इथली माहिती सगळीकडे मिळते, म्हणून निवड तेवढी सांगतो. कस्टर स्टेट पार्कमधला १८ मैलांचा वाइल्डलाइफ लूप रोड पहाटे करावा. नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय हा बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आहे, त्यामुळे मोठी व्हॅन भाड्याने घेतली असेल तर आधी मापे तपासावीत. हिवाळ्यात हा रस्ता बंद असतो. आयर्न माउंटन रोडवर १७ मैलांत ३१४ वळणे आहेत. गाडी लागणाऱ्यांनी आदल्या तासात पोटभर खाऊ नये. विंड केव्ह हे राष्ट्रीय उद्यान १९०३ पासूनचे आहे. लाकोटांच्या परंपरेनुसार माणसे आणि बायसन याच गुहेतून पृथ्वीवर आले. गुहेत बाराही महिने सुमारे ५४ अंश फॅरनहाइट तापमान असते, म्हणून स्वेटर बरोबर घ्यावा. गुहेच्या वर मात्र पुन्हा माळच आहे, आणि गुहेची फेरी संपल्यावर तिथे तासभर चालावे.

परत निघण्याआधी रॅपिड सिटीत गाडी धुण्याच्या ठिकाणी चाकांच्या आतली आणि गाडीखालची माती पाण्याच्या जोराने काढून टाकावी. वाळलेला गम्बो चाकात एका बाजूला बसला तर महामार्गाच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते, आणि गाडी भाड्याची असेल तर स्वच्छतेचे पैसेही लागतात.